शून्याऐवजी आडवी रेघ

अण्णा, तुमची पावसाची वही अजून माझ्या कपाटात आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण पुठ्ठ्यावरचं तुमचं अक्षर पुसलेलं नाही. शाळेच्या मागे तारेच्या कुंपणात तो पर्जन्यमापक होता आणि सकाळी आठला त्यातली बाटली काढून पाणी काचेच्या नळीत मोजायचं काम तुम्ही मला दिलं होतं. शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचं आणि घरी अण्णा, हे मला नीट जमायचं नाही. एका सकाळी मला उशीर झाला. जमीन कोरडी दिसली, म्हणून बाटली न काढताच मी वहीत शून्य लिहिलं. तुम्ही सगळ्या वर्गादेखत मला कुंपणाशी नेलंत आणि बाटली नळीत उपडी केलीत. नळीच्या तळाशी पाणी जमलं. पहाटे भुरभुर येऊन गेली होती आणि आमच्या मातीने ती केव्हाच पिऊन टाकली होती. तुम्ही मारलं नाहीत. म्हणालात, "शून्य म्हणजे मोजलं आन् काही निघालं न्हाई. मोजलंच न्हाई तर आडवी रेघ मारायची. रेघ मारलीस तर चूक तुझी. शून्य लिहिलंस तर आळ आभाळावर." पुढे महिनाभर पोरं मला 'आभाळचोर' म्हणत होती. दहावी झालो तेव्हा तुम्ही मला ती काचेची नळी दिलीत, काठाला टवका उडालेली. आजही ती देवघराशेजारच्या फळीवर उभी आहे.

मी आता काय काम करतो, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. पुण्याच्या एका संस्थेसाठी मी आपल्या जामखेडकडच्या गावांतून आकडे गोळा करतो. एक किलो कलिंगड पिकवायला जमिनीतलं पाणी किती उपसलं, प्लास्टिक किती लागलं, हे रोप लावण्यापासून माल टेम्पोत चढेपर्यंत मोजायचं. याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. तुमच्या वेळी कलिंगड नदीच्या वाळूत व्हायचं. आता बोअरचं पाणी शेततळ्यात साठवतात, तळ्याला खाली कागद, वाफ्यावर तण उगवू नये म्हणून मल्चिंगचा कागद, त्याखाली ठिबकची नळी. कागद म्हणतात, पण सगळं प्लास्टिकच. मी मोटारीला मीटर लावतो, कागदाच्या गुंडाळ्या तोलतो, लिहितो. हे काम मी मनापासून करतो. सकाळी आंघोळ, देवाला दिवा, मग चहा आणि मग शेतं. घरातून निघताना तुमची सून म्हणायची, "दुसऱ्याच्या बोअरचं पानी मोजताय, आपला रांजण भरलाय का त्ये बगा आदी."

माझ्या तक्त्यात शेवटी एक रकाना आहे, जाळलेलं प्लास्टिक. हंगाम संपला की मल्चिंगचा कागद फाडून काढतात. चिखल लागलेला असतो म्हणून भंगारवाला तो घेत नाही. मी बांधावर जायचो तेव्हा ढीग गेलेला असायचा. शेतकऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "गेला कुटंतरी. आमी काय जाळत न्हाई, सायेब." मी शून्य लिहायचो. पुण्याच्या संस्थेतली मुलगी, जी हे सगळं गणित जुळवते, ती म्हणाली होती, "काका, आपली हद्द शेताच्या बांधापर्यंत आहे. बांधावर जाळलं तर धरायचं, पुढचं नाही." मलाही ते बरं वाटलं. तीन हंगाम मी त्या रकान्यात शून्य भरत आलो.

मग गेल्या पौषात तुमच्या सुनेचा खोकला थांबेना. नगरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि मला विचारलं, "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?" कोणीच नाही. ती म्हणाली, "म्या तर कधी मिसरीबी लावली न्हाई." "स्वयंपाक कशावर?" मी पटकन म्हणालो, गॅसवर. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सैपाक गॅसवर. पर ह्यांच्या आंगुळीचं पानी चुलीवर. देवाला बसायचं म्हंजी ह्यांना पहाटं कडक पानी लागतं." डॉक्टरांनी विचारलं, चूल पेटवता कशाने? "मल्चिंगच्या कागदानं. लगीच धरतो. समद्या बाया त्योच नेत्यात, बांधावरनं." ती हे इतकं साधेपणाने बोलली, जणू मला ते ठाऊकच होतं. आणि ठाऊक होतंच, अण्णा. न्हाणीमागे रचलेल्या त्या काळ्या-चंदेरी गुंडाळ्या मी रोज बघत होतो. आंघोळीच्या पाण्याला येणारा वास मला रोज येत होता. डॉक्टर म्हणाले, झालेलं आता भरून येणार नाही, वाढू द्यायचं नाही एवढंच हातात आहे. येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी तिचा श्वास मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला. म्हणालो, माझी शून्यं काढा, तिथे आडवी रेघ घाला, ते मी मोजलेलं नाही. मुलगी भली आहे. तिने करून पाहिलं आणि म्हणाली, "काका, रेघ घातली की संगणक तिला शून्यच धरतो. आकडा लागेल. तुम्ही मोजून द्या, मी हद्द चुलीपर्यंत वाढवायचं वर बोलते." म्हणून मी दहा घरांत वजनाचे काटे दिले आहेत. बायकांनी चुलीत घालण्याआधी कागद तोलायचा आणि लिहायचा. जे दुसऱ्यांना सांगतो ते आधी आपल्या घरी, असं तुमचंच वळण, म्हणून पहिला काटा आमच्या चुलीपाशी टांगला. आमच्या घरात यापुढे कागद आणायचा नाही हेही ठरलं होतं. पण आधीची एक गुंडाळी उरली होती.

आज सकाळी तिला नगरला दाखवायला न्यायचं होतं. गॅस काल संपला. गार पाणी तिला सोसत नाही, म्हणून चूल पेटवायला मीच बसलो. लाकडं दमट होती. तीन काड्या वाया गेल्या, मग मी त्या गुंडाळीचा तुकडा कापला. सवयीने काट्याला अडकवला, वजन वाचलं, वहीत तारीख घालून लिहिलं. ती दाराशी उभी होती, पदर नाकाला लावून. म्हणाली, "लिवलं का?" म्हणालो, लिहिलं. "मग घाला आता. यष्टी चुकंल." मी घातला. लगेच धरला. पाणी तापेपर्यंत ती बाहेर ओट्यावर खोकत होती. तिचं झाल्यावर उरलेल्या पाण्याने मी आंघोळ केली आणि देवापुढे दिवा लावला. शेजारी तुमची नळी होती.

दवाखान्यात तिला आत नेलं आहे. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितो आहे. घरी गेल्यावर हा कागद तुमच्या पावसाच्या वहीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? एकच सांगायचं राहिलं. आज वहीत शून्य नाही, रेघही नाही, खरा आकडा आहे. तो लिहून झाला तेव्हा, तुकडा अजून माझ्या हातात होता, तेव्हा क्षणभर मला वाटलं की आज अण्णा मला शाबासकी देतील. आणि मला बरं वाटलं.