श्राद्धाच्या सकाळची गोळी

दुर्गाघाट, काशी
ऑक्टोबर १९९९

प्रिय मधुवंती,

इथे गंगेचं पाणी उतरलंय, पायऱ्यांवरचा गाळ काढणं चाललंय, आणि तुझी आत्या नेहमीसारखी सगळ्यांवर खेकसतेय. विसाव्या वर्षी तुलाही साखरेनं गाठल्याचं वहिनीच्या पत्रातून कळलं. आपल्या घराण्यानं लेकींना दुसरं काही दिलं नाही, हे मात्र न चुकता दिलं.

तुझ्या बाबाला, देवव्रतलाही, तुझ्याच वयात लागली. वीस वर्षं त्यानं सुया टोचून घेतल्या. मग युनिव्हर्सिटीतले ते डॉक्टर आले. म्हणाले, हा मधुमेह दुर्मीळ, आईबापांकडून लेकरांकडे येणारा. सुईऐवजी छोट्या गोळीवर भागतं का, ते पाहू. देवव्रत तयार झाला. तीन महिने रोजची साखर वहीत लिहायचा. आकडे इतके छान यायचे, की मला हाका मारून दाखवायचा. सुया फडताळात गेल्या. अट एकच होती, गोळीनंतर अर्ध्या तासात जेवायचं, नाहीतर साखर फार खाली उतरते.

त्या दिवशी तुझ्या आजोबांचं श्राद्ध होतं. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कर्त्याला उपास. देवू म्हणाला, ताई, आज गोळी राहू दे, पोटात काही जाणार नाही. मी ऐकते कसली! एक दिवसही चुकवायचा नाही, असं दटावून मीच ती त्याच्या तळहातावर ठेवली. पिंड देताना त्याचे हात थरथरत होते, कपाळ घामानं डबडबलं होतं. मला वाटलं, वडिलांची आठवण येतेय. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यानं चमचाभर खीर मागितली. मी सोवळ्यात, ब्राह्मणांची पानं अजून वाढायची होती. म्हटलं, थांब जरा, लहान आहेस का? तो परत गेला आणि पाटावर बसल्या बसल्या कलंडला. खुर्चीत बसवून गल्लीतून सडकेपर्यंत नेला, तिथून इस्पितळात. दोन दिवस शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी मणिकर्णिकेला नेला.

डॉक्टरांनी विचारलं, गोळीनंतर जेवले होते ना? मी मान डोलावली. ते गृहस्थ ती वही हातात घेऊन कितीतरी वेळ आमच्या ओट्यावर बसून होते. त्यांनी चाचणी थांबवली. गोळीनं माणूस खाल्ला, असं घाटभर झालं, आणि मी ते होऊ दिलं.

तेव्हापासून खीर ढवळायला घेतली की तो दाराशी येऊन उभा राहतो. रागावत नाही, नुसता हात पुढे करतो. मला फार भीती वाटते गं. मी मागे वळून बघत नाही.

वहिनी लिहिते, तुझे डॉक्टर तीच गोळी देताहेत आणि बाबाला मारणारी गोळी घेणार नाही म्हणून तू हटून बसली आहेस. मधू, तुझ्या बाबाला गोळीनं नाही मारलं. मी उपाशी ठेवलं त्याला. उद्या युनिव्हर्सिटीतल्या त्या डॉक्टरांकडे जाऊन हेच सांगणार आहे. हवं तर माझं तोंड पुन्हा बघू नकोस, पण गोळी घे. आणि घेतलीस की लगेच जेव. देव, पितर, ब्राह्मण, सगळे थांबतील.

अजूनही म्हणशील तर तुझीच,
शरदिनीआत्या