मलप्पांचं लातूर, माझे पाय

७ मे १९८३, औसा
उद्या लातूरला साडू मलप्पांच्या नातीचं बारसं. नवा जिल्हा झाल्यापासून मलप्पा कलेक्टर ऑफिसात क्लार्क आहेत. पण माझी बायको रुद्राणी अशी बोलते की, कलेक्टर त्यांना विचारूनच सही करतो. आज भाकरी थापता थापता म्हणाली, भाऊजींना सगळं लातूर पाठ हाय. मला कुणाचा हेवा वाटत नाही. फक्त लातूर पाठ करायला कितीशी अक्कल लागते, ते बघायचंय.

८ मे, सकाळ, लातूर स्टँड
मलप्पा घ्यायला आले. रिक्षा तयार. म्हटलं, तुम्ही दोघं व्हा पुढं, मी पायी येतो. ते रस्ता सांगायला लागले, तोवर मी निघालोसुद्धा. बारसं दुपारी. त्याआधीच पोचून, रुद्राणीच्या देखत घाम पुसणार.

थोड्या वेळानं, गंजगोलाई
या गोल बाजारपेठेतून चहूकडं रस्ते फुटतात. बरोबर तो निवडला.

त्यानंतर, गंजगोलाई
रस्ता भांड्यांच्या दुकानांवरून फिरून परत इथंच आला. हरकत नाही. गोलाई दुसऱ्या बाजूनंही बघायचीच होती.

भर दुपार
एका गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग. साखराबाई नावाच्या बाईनं तांब्याभर पाणी दिलं, कुणाकडं जायचं विचारलं. सांगितलं. तिचा चेहरा खुलला. आमच्या गल्लीला टँकर मलप्पांनीच धावपळ करून लावून दिला, म्हणाली. पाणी कडू लागलं. तिनं घर डावीकडं सांगितलं. मी उजवीकडं वळलो.

उन्हं कलताना
बारसं माझ्यासाठी थांबवलं असणार. मुख्य माणूसच नाही म्हटल्यावर कोण पाळणा म्हणेल? एक शॉर्टकट घेतला. चपला चावायला लागल्यात.

संध्याकाळ
रस्ता एकदम ओळखीचा वाटायला लागला. छाती फुगली. पुढं मैलाचा दगड: औसा. लातूर मागं राहिलं होतं. परत फिरणार होतो, पण हात केल्यावर एसटी थांबली, तर तिचा मान ठेवावा म्हणून चढलो. घराची किल्ली रुद्राणीकडं. ओट्यावर पडलोय. उद्या सांगायचं: मान नव्हता, म्हणून निघून आलो.

९ मे, औसा
सकाळी रुद्राणी आली, सोबत मलप्पा. तिचे डोळे सुजलेले. पाळणा दिवेलागणीपर्यंत थांबवला होता म्हणे. मग मलप्पा मला शोधत लातूरभर पायी फिरले. दवाखानासुद्धा बघून आले. पहाटे ती म्हणाली, एकदा घर बघू.

मलप्पा पायरीवर टेकले. चपला काढल्या. एवढंच म्हणाले, "सापडलात साडूभाऊ. लई बरं झालं."

मानाचं भाषण तयार होतं. ते तूर्त राखून ठेवलं.

टँकर परवा येणार, घरात पाणी एक घागर. रुद्राणीनं त्यातलं अर्धं गरम करून मलप्पांच्या पायाशी ठेवलं. मी पण हळूच पाय पुढं केले.

"तुमचे नंतर," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. त्यांचे फोड माझ्यापेक्षा मोठे आहेत.

पण ते रात्री फिरले, गारव्यात. मी उन्हात चाललो. हे घरात कुणीतरी हिशेबात धरायला पाहिजे.