खालच्या चार ओळी

बाबा, त्या ब्लॉगवाल्यावर माझा अजूनही भरवसा नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही होतात तेव्हा आपल्या पेपरची चढाओढ दुसऱ्या पेपरशी असायची. आता सदर भागातल्या कुठल्याशा खोलीत बसून एक माणूस राजकारणावर लिहितो आणि रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात सकाळची मीटिंग त्याचं लिखाण उघडूनच सुरू होते. त्याला आतल्या गोष्टी कोण पुरवतं? निवडणूक तोंडावर आली की त्याला नेमका जोर कसा चढतो? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला रोज वाटतं.

परवा त्याने लिहिलं, की महापालिकेच्या एका इंजिनिअरने रस्त्याचं काम स्वतःच्याच मेहुण्याला मिळवून दिलं. आमचे संपादक म्हणाले, "साऱ्या शहरात फिरून राहिलं हे. आपणच काहून मागं राहायचं?" मी कुरकुरले आणि बातमी केली. छापून आल्यावर इंजिनिअरचा फोन. "मॅडम, साळ्याचं टेंडर आलं तवाच मी त्या कामातून बाजूला झालो होतो. ब्लॉगवाल्यानं मले विचारलं, खाली माझ्या बाजूच्या चार ओळी टाकल्या बी. तुम्ही त्या काहून गाळल्या? माझी पोरगी आज कॉलेजात गेली नाही." मी त्या ओळींपर्यंत वाचलंच नव्हतं. सगळ्यांवर संशय घेणारी मी, आरोप मात्र जसाच्या तसा उचलला.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. फोन तिथेच, ताटातली भाजी निवते आहे आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्यालाच तुम्ही बातमी वाचून दाखवताय. नोकरीत नवी असताना मी एकदा म्हणाले, विचारून काय उपयोग, तो खोटंच बोलेल. तुम्ही केवढे चिडलात! "बोलू दे ना वं! त्याचं खोटंबी छापू. पण त्याले विचारल्याबिगर त्याच्या दारात पेपर टाकू नको."

खुलासा छापू म्हटलं, तर संपादक म्हणतात, "कायले आपल्याच पायावर धोंडा मारून घेता?" आणि आज दुपारी ब्लॉगवाल्याचा मेसेज आला. 'तुमच्या बातमीतून त्या चार ओळी का गेल्या, यावर उद्या लिहितोय. तुमची बाजू सांगाल?' मागोमाग दोनदा त्याचा फोनही वाजला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की याला माझ्यामागे कोणी लावून दिलं असेल? मग तुम्ही आठवलात आणि फार लाज वाटली, बाबा.

त्याला उत्तर द्यायचं सोडून मी हे तुम्हाला लिहीत बसले आहे. दोन्ही वेळा मी फोन उचलला नाही.