दामिनीच्या कानटोपीबद्दल अभिप्राय

काटोल नाका, नागपूर
२६ मे

तीर्थरूप लिहावं तर वयानं आपण माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, आणि नुसतं प्रिय लिहावं तर शामला मला घरात राहू देणार नाही, म्हणून आदरणीय व्याही गिरिधरपंत यांना महादेवचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी, शामला आणि दामिनी, जिवंत आहोत. शेहेचाळीस डिग्रीत याहून जास्त खुशाली कळवता येत नाही. आपला उजवा गुडघा कसा आहे? पुण्याच्या हवेत विहीणबाईंचं बीपी उतरलं असेल अशी आशा आहे. आपल्या लेकीच्या, चि. गार्गीच्या घरी आपल्याला एखादा मिक्सर किंवा पंखा बिघडलेला मिळावा, म्हणजे आपला वेळ बरा जाईल, अशी मी रोज देवाजवळ प्रार्थना करतो (देव ऐकत असावा, कारण परवा तिची इस्त्री आपण उघडल्याचं कळलं). भूमिका आणि जावईबापू सुमंतराव रविवारी येऊन गेले. माझी मुलगी आपल्या घरी सुखात आहे. याबद्दल मी आपला जन्मभर आभारी आहे आणि पुढचं सगळं हे लक्षात ठेवूनच लिहितो आहे.

फोन का केला नाही, असं आपण विचाराल. तीनदा केला. तिन्ही वेळा मी नमस्कार म्हणालो आणि नंतर वीस-बावीस मिनिटं आपण बोललात. शिवाय पुण्याला जाताना आपणच तो छापील कागद देऊन गेलात, ‘वापरकर्त्याचा अभिप्राय’, पंधरा दिवसांत लेखी द्यावा म्हणून. मी तो भरायलाच बसलो होतो. पण पहिल्याच प्रश्नापुढे पाच गोल चेहरे छापलेले आहेत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि त्यातला लागू होईल त्यावर खूण करायची आहे. मी आत जाऊन आरशात पाहून आलो. पाचांतला एकही माझा नव्हता. म्हणून हे पत्र, आणि सोबतच्या पार्सलातून आपली तिन्ही मॉडेलं साभार परत.

मूळ गोष्ट मी विसरलेलो नाही. अकरा वर्षं दामिनी वराती करते आहे. यंदा शिमग्याच्या सुमारास डीजेच्या गाडीजवळ तिचे पाय लटपटू लागले, वरातीहून आली की दोन-दोन दिवस ती हरभऱ्याला तोंड लावेना, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला आवाजातून काढा, नाहीतर ही पुढचा सीझन पाहत नाही. आता आवाजाशिवाय नागपुरात वरात कोण काढतं? आणि वरात नाही तर घोडी ठेवायची कशी, आणि विकायची तर कोणाच्या दारात बांधायची? त्या आठवड्यात मलाही जेवण जात नव्हतं. अशा वेळी आपण आलात. हिंगण्याच्या कारखान्यात गाड्यांचे सीटबेल्ट शिवून घेण्यात छत्तीस वर्षं घालवलेला, रिटायर झालेला आणि घरात शिवण्याजोगं काही न उरलेला माणूस (विहीणबाईंनी मशीनला कुलूप लावलं होतं, हे मला भूमिकाकडून फार उशिरा कळलं). आपण टेप काढून दामिनीचं तोंड मोजलंत, वहीत लिहिलंत आणि म्हणालात, “महादेवराव, घोड्याच्या डोक्याचा गेल्या हजार वर्षांत कोणी विचारच केलेला नाही.” हे ऐकल्याबरोबर मी उठून जायला हवं होतं. पण मुलीच्या सासऱ्यासमोरून उठून जाता येत नाही.

मुलीच्या घरचं काही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत आपल्याला माहीत आहे. नातवंड होईपर्यंत शामला आपल्याकडे पाणीसुद्धा पीत नाही, सोबत बाटली घेऊन येते. म्हणून मी नको नको म्हणत होतो. त्यावर आपण, ही भेट नाही, चाचणी आहे, असं म्हणून माझं तोंड बंद केलंत. दामिनीचं तोंड बंद करण्याचा प्रयत्न त्यानंतर सुरू झाला.

पहिलं मॉडेल म्हणजे सीटबेल्टच्या पट्ट्याची म्होरकी. जनावर कुठे अडकलं आणि हिसका बसला तर मान मोडू नये म्हणून ती आपोआप सुटते आणि गालावरचं लाल बटण दाबूनही सुटते. फार चांगली कल्पना होती, कबूल करतो. पण बटण कसं दाबायचं हे आपण मला दोन तास समजावलंत आणि दामिनी तिसऱ्या दिवशी न समजावता शिकली. कडुनिंबाच्या खोडाला गाल घासला की टक. त्यानंतर आमची घोडी बांधलेली आहे की उभी आहे, हे तिच्या मर्जीवर राहिलं. शेजारच्या श्वेताताईंनी बाजेवर वाळत घातलेल्या वर्षभराच्या कुरडया तिनं एका दुपारी संपवल्या. मी हे आपल्याला घाबरत सांगितलं, तेव्हा आपण वहीत लिहून घेत म्हणालात, “म्हणजे बक्कल चालतंय.” श्वेताताई अजून आमच्याशी बोलत नाहीत.

दुसरं मॉडेल उन्हाळ्याचं. कूलरला लावतात तो वाळा जाळीत भरून केलेली टोपी, वर पाण्याची बाटली आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी सोडणारी सलाइनची नळी. दामिनीला ती घातल्यावर अंगणात इतका गार वास सुटला की शामलासुद्धा दोन मिनिटं तिच्या डोक्याजवळ जाऊन उभी राहिली. पुढच्या अर्ध्या तासात दामिनीनं कडुनिंबाला गाल घासला, टोपी खाली पाडली आणि खाल्ली. वाळा हे शेवटी गवत आहे, ही गोष्ट आपल्या नकाशात कुठे आली नव्हती. (पार्सलात या मॉडेलची बाटली आणि नळी आहे. बाकीचं मॉडेल कसं परत करायचं ते सुचलं नाही.)

आणि मग ती कानटोपी. बाहेरून मरून मखमल, वर कलगी, डोळ्यांना जरीची झापडं, कानांवर आपल्या कारखान्यातला तीन पदरी फोम. तोंडातली लोखंडी कडी आपण क्रूर म्हणून काढून टाकलीत. बक्कलं दोन, गालावर ते लाल बटणाचं आणि हनुवटीखाली दोरी अडकते तिथे हिसक्यानं सुटणारं. मे महिन्यात नागपुरात घोडीला कानटोपी घातलेली पाहून येणारेजाणारे थांबून मला तब्येत विचारत होते, घोडीची नव्हे. आपण दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेलात. आता बारा तारखेला सदरमधून निघालेल्या वरातीत काय झालं ते ऐका, कारण फोनवर ते आपण मला सांगू दिलेलं नाही.

आपण मोजमाप सगळं घेतलंत, पण एक विचारायचं राहिलं आणि मलाही ते सांगायचं सुचलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. दामिनी लगामावर चालत नाही, कानावर चालते. ढोल जोरात झाला की थांबायचं, मान हलवायची, नाचणाऱ्यांना नाचू द्यायचं आणि डीजेची गाडी पुढे सरकली की चार पावलं टाकायची. अकरा वर्षांत तिची दोरी कोणी ओढलेली नाही. धर्मेंद्र, म्हणजे तिला धरून चालणारा माझा चुलत पुतण्या, दोरी नुसती हातात ठेवतो आणि दुसऱ्या हातानं मोबाईल पाहतो. त्या दिवशी नवरदेव बसला, नारळ फुटला, डीजे सुरू झाला आणि आमच्या दामिनीला यातलं काहीच ऐकू आलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला रस्ता मोकळा आणि शांत वाटला असेल. ती चालू लागली. वरात पहिल्याच चौकात नाचायला थांबली, दामिनी थांबली नाही. धर्मेंद्रनं मोबाईल खिशात टाकून दोरी ओढली. नंतर तो मला म्हणाला, “काका, मी ओढलंच ना गा. तं दोरी माह्या हातात राह्यली अन् घोडी तिकडं गेली.” म्हणजे दुसरं बक्कलही चालतंय, वहीत लिहून घ्यावं.

लग्न होतं ते काटोल रोडवरचं लॉन तिच्या ओळखीचं आहे, फाटकाशी तिच्यासाठी पाण्याचं टोपलं ठेवलेलं असतं. ती सरळ तिथे गेली आणि मुहूर्ताच्या पन्नास मिनिटं आधी नवरदेवाला घेऊन दारात उभी राहिली. गिरिधरपंत, मी या धंद्यात वाढलो. माझ्या वडिलांच्या काळापासून कोणतीही वरात मुलीच्या दारात वेळेवर पोचलेली मी पाहिलेली नाही, आणि त्या वेळेवर लग्नघरात कोणी तयारही नसतं. मुलीचे वडील बनियनवर फुलवाल्याशी भांडत होते. मुलगी पार्लरमध्ये, औक्षणाचं तबक गाडीच्या डिकीत, डिकीची किल्ली मुलीच्या भावाकडे आणि भाऊ मुलीला आणायला गेलेला. तयार होते फक्त गुरुजी. त्यांनी नवरदेवाला खाली उतरवलं, आचाऱ्याशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि ताक दिलं. मी घोडीमागून धावत, धापा टाकत पोचलो आणि विचारलं, बापा, ओरडला काहून नाहीस? तो शांतपणे म्हणाला, “माह्यं पहिलंच लग्न आहे, काका. मले वाटलं, असंच राह्यते.”

तिकडे वरात अर्धा तास नवरदेवाशिवाय नाचली. कोणाच्याही लक्षात आलं नाही. शेवटी वरून चित्रीकरण करणाऱ्या ड्रोनवाल्यानं विचारलं की नवरदेव कुठल्या फ्रेममध्ये आहे. मग सगळे ऑटो करून आले, आणि मुलाचे मामा वसंतराव यांनी तीनशे माणसांसमोर मला सुनावलं की तुमच्या घोडीनं आमचा पोरगा पळवून नेला. लग्न सहा एक्केचाळीसला, मुहूर्तावर लागलं. त्यामुळे नेहमीच्या अंदाजानं साडेआठला आलेल्या पाहुण्यांचं लग्नही हुकलं आणि जेवणही, आणि तेही माझ्यावरच चिडले. चाळीस वर्षं या शहरात मान खाली घालायची वेळ आली नव्हती, गिरिधरपंत. ती तीन पदरी फोमनं आणली.

तेव्हा माझा अभिप्राय स्पष्ट आहे. आपली कारागिरी थोर, टाके सुरेख, पण आमची घोडी आणि आम्ही जुन्या वळणाची माणसं आहोत. ही चाचणी इथेच संपली असं समजावं आणि आपली बुद्धी कृपा करून दुसऱ्या एखाद्या प्राण्याकडे वळवावी. विहीणबाईंना नमस्कार, गार्गीला आशीर्वाद. गुडघ्याला जपावं, इस्त्रीला हात लावताना स्विच बंद करावा.

आपल्या सुनेचा बाप, आणि एरवी आपला नम्र,
महादेव

ता. क. पार्सल उघडल्यावर आपल्या लक्षात येईल की आत कानटोपी नाही. ती धुवायला टाकली आहे असं लिहा, असं शामला म्हणत होती, पण एवढं सगळं खरं लिहिल्यावर शेवटी खोटं कशाला? त्या संध्याकाळी घरी आल्यावर दामिनीनं उभ्या उभ्या सगळा हरभरा संपवला. मी तिचे चारही पाय चाचपले. एकही लटपटत नव्हता. मला तिथेच रडू आलं (हे विहीणबाईंना सांगू नये). आता रस्त्यावर कुठे बँड वाजला की ती टोपीच्या खुंटीखाली जाऊन उभी राहते. बटण कसं दाबायचं हे तिला पक्कं माहीत आहे, पण टोपी घातली की ती कडुनिंबाकडे बघतही नाही.

दुसरा ता. क. गुरुजींनी माझा नंबर कुणाकुणाला दिला देव जाणे. या आठवड्यात चार मुलींच्या वडिलांचे फोन आले की ती न थांबणारी घोडीच पाहिजे. मुलाकडचा एकही नाही. पण डाव्या कानाची शिवण उसवली आहे. धर्मेंद्रनं चपलेच्या दोऱ्यानं टाका घातला, तर दामिनीनं डोकं झटकून टोपी खाली टाकली. तिला आपल्या हातचा टाका कळतो.

शेवटचं. हे आपल्याला लिहिणार म्हटल्यावर शामला म्हणाली, “इवाईबुवाले कसं मांगता जी? पोरीच्या घरचं आहे ते.” तिचं खरं आहे. मला टोपी ठेवून घेता येत नाही आणि परतही करवत नाही. आठ दिवस मी याच विचारात होतो. मग आपला तो कागद पुन्हा काढला. त्यात अगदी खाली ‘चाचणीचा कालावधी’ अशी एक ओळ रिकामी आहे. तिथे मी ‘दामिनी आहे तोवर’ असं लिहून सही केली आहे. शेजारी आपली सही हवी. पोस्टानं चालणार नाही, सुई-दोरा घेऊन इथे येऊन करावी.