पहिल्या रांगेतले आचार्य

राजाजीनगर, बंगळूर
ता. २७ सप्टेंबर १९६१

ती. सौ. पद्मावतीअक्का,

धाकट्या वसूचा वाकून नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? हुबळीच्या रेल्वे क्वार्टरात नळ आला की अजून विहिरीवरच चाललंय? मुलींची आठवण येते. धाकटीला म्हणावं, मावशी तुझी नक्कल अजून करते.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. ह्यांची बदली टळली. रेडिओवरची माझी तुंगक्का आता दर आठवड्याला यायची आहे. पहिल्यांदा मी एकटीनं विनोदी भाषण करणार म्हटल्यावर एक नाटकवाले मला म्हणाले होते, "बाई हसवणार, मग पुरुषांनी काय करायचं?" मी म्हटलं होतं, "स्वल्प हसायचं." आता आमची भाजीवाली मला तुंगक्काच्या आवाजात वांग्याचा भाव सांगते. कन्नड बोलता बोलता मराठीत घसरणारी, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसणारी ही बाई लोकांना इतकी आवडेल असं मलाही वाटलं नव्हतं. माझं पुस्तकही पुन्हा छापताहेत. बाईचं विनोदी पुस्तक म्हणून ज्या दुकानदारांनी आधी ते पेटीतून बाहेर काढलं नव्हतं, तेच आता मागवताहेत.

शनिवारी इथल्या गणपतीत माझा कार्यक्रम झाला. चांगला झाला. लोक पुष्कळ हसले.

अण्णा आले होते. मला आधी ठाऊक नव्हतं. गर्दीत भेट झाली नाही, आणि ते तसेच बसने कोलारला परत गेले. तुला त्यांचं पत्र आलं का? प्रकृतीचं काय लिहितात ते कळव. कार्यक्रमाबद्दल काही लिहिलं असेल तर तेही कळव. नसेल तर मुद्दाम विचारू नकोस.

हे हाक मारताहेत. थांबते.

तुझी,
वसू

*

राजाजीनगर, बंगळूर
ता. १४ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र दिवाळीआधीच आलं. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही. मुलींचे फ्रॉक शिवून ठेवलेत, कुणी येणारं मिळालं की पाठवते.

तू लिहिलंस की अण्णांनी एवढंच कळवलं, "कार्यक्रम चांगला झाला, लोक पुष्कळ हसले." तेच शब्द मीही तुला लिहिले होते, अक्का. बापलेकींनी काही न ठरवता तुझ्यापाशी एकच गोष्ट लपवली. आता मी सांगते. वाचून झाल्यावर माझ्यावर रागव, पण पत्र अर्ध्यावर ठेवू नकोस.

अण्णा माझ्याशी सहा वर्षं बोलत नव्हते हे तुला ठाऊकच आहे. हरिदासाच्या मुलीनं लोकांपुढे उभं राहावं याचा त्यांना तेवढा राग नव्हता. देवाचं नाव न घेता नुसतं हसवायला उभं राहावं, याचा होता. त्यांनी माझ्या घरी पाऊल टाकलं नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. उन्हाळ्यात तू कोलारला असताना त्यांना माझं पुस्तक वाचून दाखवलंस. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत, आणि मधेच त्यांची पाठ हलायची, असं तूच सांगितलं होतंस. मी ते ऐकलं आणि विसरून गेले. राग धरायची मलाही सवय झाली होती.

त्या शनिवारी अण्णा दुपारी ह्यांच्या कचेरीत आले. म्हणाले, "हयवदना, आज मला तिला बघायचंय. तिला सांगू नकोस, नाहीतर ती नीट बोलणार नाही. मी मागे कुठंतरी बसेन." पण गंध लावलेले, उपरणं घेतलेले आचार्य दिसल्यावर मंडळाची पोरं त्यांना मागे बसू देतात होय? त्यांनी हाताला धरून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं.

मला रंगमंचावरून काही दिसत नव्हतं. डोळ्यांवर दिवे होते. तुंगक्काचा प्रवेश सुरू झाला, हशा यायला लागला, आणि दर वेळी मी शेवटच्या वाक्यावर आले की पुढून कुणीतरी घसा खाकरायचं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. माझी वेळ चुकायला लागली. मी तुंगक्काच्या आवाजात म्हटलं, "अय्यो आचार्रे, प्रसाद शेवटी आहे, आत्तापासून घसा कशाला साफ करताय?"

मंडप हसला. मला आचार्य दिसले नव्हते, अक्का, ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. पण लोक पहिल्या रांगेकडे बोटं दाखवून हसायला लागले, म्हणून मी दिव्याआड हात धरून वाकून पाहिलं.

अण्णाच होते.

वाकून पाहिलं इथवरचं मी ह्यांना सांगितलंय, पण दिव्यांमुळे कोण ते दिसलं नाही असं. ह्यांची समजूत आहे की मी ओळखलं नाही. ते माझे वडील हे ज्यांना कळलं, त्यांचीही तीच समजूत आहे. पुढचं फक्त तुला सांगते.

मी त्यांना ओळखलं. ते हसत होते, अक्का. माझ्या विनोदाला, स्वतःवरच्या, लहान मुलासारखं तोंड उघडून हसत होते. आणि मला काय झालं ते अजून कळत नाही. सहा वर्षं वर आली म्हणू, की हशा चढला म्हणू. मी थांबले. मंडप शांत होईपर्यंत थांबले. मग त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आचार्रांना लेकीच्या घरचं पाणी चालत नाही हो." इथं जरा थांबले. "पण गणपतीचा प्रसाद म्हटला की बघा, पहिल्या रांगेत!"

असा हशा मला कधी मिळाला नव्हता. लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवत होते. अण्णांचं तोंड अजून उघडंच होतं, पण हसू गेलं होतं. ते उठले. उपरणं खांद्यावर नीट घेतलं. मग मंडपाकडे वळून त्यांनी सगळ्यांना हात जोडले, हरिकथा संपल्यावर जोडतात तसे. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग. त्यांनी आणखी टाळ्या दिल्या. अण्णा त्या टाळ्यांमधून चालत बाहेर गेले.

आणि मी कार्यक्रम पुरा केला. शेवटी नारळ घेतला, शाल घेतली, हसून नमस्कार केला.

घरी आले तर शेजारच्या राजलक्ष्मीबाई सोवळ्यात उभ्या होत्या. मधल्या खोलीत पाट मांडला होता, केळीचं पान होतं, भोवती रांगोळी. पातेल्यात हरभऱ्याच्या डाळीचं गोड हयग्रीव गरम होतं. मी विचारलं, "हे कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "यजमानांनी तुम्हाला सांगितलं नाही का? तुमचे वडील आज तुमच्याकडे जेवणार आहेत ना!"

हे मागाहून आले. ते मंडपापासून बसस्टँडपर्यंत अण्णांच्या मागे गेले होते. अण्णा त्यांना एवढंच म्हणाले, "तिला दमायला झालं असेल. जेवून घ्या म्हणावं." ते पान मी उचललं नाही. राजलक्ष्मीबाईंनी उचललं.

इथं संपलं असतं तरी बरं होतं. पण ते वाक्य गावात पसरलं. दूधवाला ते म्हणतो. ह्यांच्या कचेरीत कुणी फुकटचा चहा प्यायला की म्हणतात, "बघा, पहिल्या रांगेत!" रेडिओवर पत्रं आली, तुंगक्कानं आचार्रांचं ते पुन्हा सांगावं. पुस्तकवाले म्हणतात, नव्या छपाईत ते घालूया. मी सांगितलं, मला आठवत नाही. ते हसले. त्यांना तोही विनोदच वाटला.

दिवाळीचे दिवस गेल्यावर परवा मी धीर करून कोलारची बस पकडली. के. आर. पुरमला बस थांबली तेव्हा उतरून परत जावं असं वाटलं. उतरले नाही, एवढंच.

अण्णा मठाच्या ओसरीवर तुळशी निवडत बसले होते. वाळलेत, अक्का. मला बघून म्हणाले, "ये. बसमध्ये ऊन लागलं का?" सहा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं हेच. मी पायांवर डोकं ठेवलं. ते तुळशी निवडत राहिले. मग मीही समोर बसून निवडायला लागले.

तेवढ्यात कल्लाप्पा आला. मठाला फुलं देतो तो, रोज पहाटे बंगळूरच्या फुलबाजारात जातो. मला तो ओळखत नव्हता. टोपली खाली ठेवून म्हणाला, "आचार्रे, बाजारात एक गंमत ऐकली. ती रेडिओवरची तुंगक्का आहे ना, तिनं एका आचार्राची काय फजिती केली म्हणता!" आणि त्यानं सगळं सांगितलं. घसा खाकरणं, प्रसाद, लेकीच्या घरचं पाणी, पहिली रांग.

मी खाली बघत होते. हातातली तुळस चुरगळली होती. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे रे. फुलं आत ठेव." कल्लाप्पा हसत हसत आत गेला.

मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "त्यानं पाण्यानंतर थांबायला हवं होतं. तू थांबली होतीस."

मी म्हटलं, "अण्णा, मी तुम्हाला ओळखलं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिलं तू लोकांना सांगितलंस. दुसरं मला सांगितलंस. इतकी वर्षं लोकांपुढे उभा राहिलोय, एवढं कळतं."

"मी हे सगळं सोडते."

"नको. सोडलंस तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं सोडायला लावलं. पुन्हा माझ्यावरच हसतील." हे म्हणताना त्यांच्या तोंडावर हसू आलं की काय, मला नीट पाहवलं नाही. मग म्हणाले, "लागलं मला, वसू. लागलं नाही असं मी म्हणणार नाही. पण खोटं काही बोलली नव्हतीस."

त्यांनी स्वतः भात वाढला. मी जेवले. "आता घरी चला," असं म्हणायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "आत्ता नको विचारूस. तू विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल." मी विचारलं नाही. बसपर्यंत ते पोचवायला आले, पण माझ्या पुढे चालत होते.

"तू थांबली होतीस." माझं काम अण्णांना कळलं असं वाटावं, यासाठी मी सहा वर्षं रेडिओवर बोलले, पुस्तक लिहिलं. त्यांना ते आधीपासून कळत होतं, आणि त्यांनी सांगितलं ते या एका वाक्याबद्दल. मला ते शब्द सारखे आठवतात, आठवले की आनंद होतो, आणि त्या आनंदाची मला त्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटते. ह्यांना हे सांगता येत नाही. तुलाही तोंडानं सांगता आलं नसतं.

छपाईवाल्यांना मी काल कळवलं की ते वाक्य पुस्तकात येणार नाही, आणि आलं तर पुस्तकच नको. ते रागावलेत. रागावू देत.

भावजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. अण्णांना लिहिशील तेव्हा माझ्याबद्दल चांगलं काही लिहू नकोस. त्यांना माझं जे माहीत आहे तेवढंच राहू दे.

तुझी बहीण, आणि अजूनही, ते म्हणू देतील तोवर, भीमाचार्यांची मुलगी,
वसुमती