टेकडीवरचा लाल झेंडा

माय,

गोल्फ हा तुला शेवटपर्यंत खेळ वाटलाच नाही. "एवढ्या मोठ्या रानात एवढासा चेंडू, आन् मारणारा एकटाच. मंग भांडायचं कोनाशी?" असं तू विचारलं होतंस. सिल्वासाच्या बाहेर, रांध्याच्या बाजूला, कारखानदारांनी ते मैदान नुकतंच केलेलं होतं. तिथं पैशासाठी खेळणाऱ्या मोठ्या खेळाडूंची स्पर्धा ठरली, आणि गर्दी आवरायला, खेळाडूंना वाट मोकळी ठेवायला मार्शल हवेत म्हणून आमच्या धाग्याच्या कारखान्यात विचारणा झाली. मी पॅकिंगमध्ये होते. लगेच नाव दिलं. तू स्टोव्हपुढं बसून भाकरी थापत होतीस. पगार नाही, टोपी आणि जेवण मिळणार, हे ऐकून तुझा हात थांबला. "मंग फुकटचं राबाले चालली का?" मी म्हटलं, "हो. मला बघायचंय."

आपण दोघीच होतो. बाप गेल्यावर धुळ्याकडचं घर मोडून तू मला इथं आणलंस आणि त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागलीस. तुला कायम केलेलं नव्हतं. दर काही महिन्यांनी पर्सोनेलच्या साहेबांनी मान हलवली की तुझं काम पुढं चालू राहायचं. आणि स्पर्धेची सगळी व्यवस्था नेमकी त्याच साहेबांकडं होती.

माझी जागा मधल्या टेकडीवर. खालून चेंडू मारणाऱ्याला टेकडीपलीकडचं काही दिसायचं नाही. पलीकडं कोणी असेल तर मी लाल झेंडा धरायचा, वाट मोकळी झाली की पांढरा. पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरंगी गावाकडच्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन आल्या. त्यांची पायवाट त्या हिरवळीखाली कधीच गेली होती, पण त्यांचे पाय तिथूनच चालत होते. मी लाल झेंडा वर केला. बायका सावकाश चालतायत, सगळ्यात मागची म्हातारी मोळी सावरत दर थोड्या अंतरावर थांबतेय, आणि खाली खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा आहे.

साहेब धापा टाकत टेकडी चढून आले. "झेंडा खाली कर! पाहुणे ताटकळलेत. त्यांना पळायला सांग!"

"साहेब, डोक्यावर भारे आहेत. पळतील कशा?"

"अगं, चेंडू काय नेमका त्यांच्याच डोक्यात बसणार आहे?"

त्यांनी झेंड्याची काठी धरली. मी सोडली नाही. आम्ही दोघं ती काठी धरून उभे, आणि म्हातारी आपल्या चालीनं गेली. झाडीत दिसेनाशी झाल्यावरच मी पांढरा झेंडा दाखवला. खेळाडूनं चेंडू मारला. तो पायवाटेपासून कितीतरी लांब, भलतीकडं जाऊन पडला. "बघितलंस?" साहेब म्हणाले. "इकडं आलाच नाही."

संध्याकाळी मी घरी यायच्या आधीच कँटीनमधून ते तुझ्या कानावर आलं होतं. तू कणीक तिंबत होतीस, जणू तीच माझी पाठ होती. "तुले कोनी सांगितलं होतं शहाणपण कराले? उद्या मले घरी बसवलं तर खाशील काय, झेंडा?" मी ताट वाढून घेतलं. जेवून झाल्यावर एवढंच म्हटलं, "उद्या मी जाणार आहे." तू ताटं उचललीस आणि पाठ फिरवलीस.

दुसऱ्या दिवशी रविवार, कँटीन बंद. सकाळी मी चपला घातल्या तर तूही पदर खोचून दारात उभी. मला वाटलं, साहेबांची माफी मागायला लावणार. मैदानाच्या गेटवर साहेब मला बघून म्हणाले, "तू टोपी दे आणि घरी जा." मी टोपीला हात लावायच्या आत तू पुढं झालीस.

"साहेब, पोरगी झेंडा धरंल. बायकायचं मी बघते. तुमचा खेळ थांबनार नाई."

"तुम्ही काय बघणार?"

"त्यायलेबी दोन घडी बसाले आवडतंच ना. कोनी बस म्हनत नाई, म्हनून चालतात."

साहेबांकडं माणसं कमी होती म्हणून की लोक बघत होते म्हणून, माहीत नाही. त्यांनी हातानंच जा म्हटलं. तू हिरवळीच्या अलीकडं मोहाच्या झाडाखाली पाण्याची कळशी घेऊन बसलीस. बायका आल्या की त्यांच्या मोळ्या उतरवायला हात लावायचीस, पाणी द्यायचीस, तुझ्या धुळ्याच्या बोलीत काहीबाही विचारायचीस, त्या त्यांच्या बोलीत हसायच्या. खेळाडू पुढं गेले की मी वरून हात करायची, मग तू मोळ्या डोक्यावर चढवून द्यायचीस. त्या दिवशी माझ्या टेकडीपाशी खेळ एकदाही अडला नाही.

तरीही साहेबांनी मान हलवली नाहीच. पुढच्या वेळी तुला कळवलं, आता गरज नाही. महिनाभरात तू पुण्या-नाशकाकडून आलेल्या, इथं एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरांचे डबे सुरू केलेस. मला कधी बोल लावला नाहीस, तेल महागलं की तेवढं म्हणायचीस, "लाव पोळीले झेंडा."

आता मी दुसऱ्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. परवा एका मशीनची संरक्षक जाळी तुटलेली दिसली, मी ते बंद करायला लावलं. मोठे साहेब सगळ्यांसमोर ओरडले. जाळी बसेपर्यंत मशीन चालू झालं नाही. तिथली पोरं म्हणाली, मॅडम कोणाच्या बापाला घाबरत नाहीत.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, तू गेल्यावर पाठवायला जागाच नाही. पण तुला म्हणून सांगते, माय. घाबरते. ओरडणं संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले होते.