लांब स्क्रू

सोम. ९ जून
इस्लापूरचे मारोतीमामा दुकानात. मुलीला इथं लातुरात क्लासला सोडायला आले नि एसटीत फोन पडला. डिस्प्ले खलास. जुनं मॉडेल, पार्ट अख्ख्या गावात नाही. आपल्याकडं त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल आहे, बोर्ड मेलेला, डिस्प्ले ठणठणीत. बसेल?
खाजाभाई दुकानाचे मालक, माझे उस्ताद. म्हणाले, "दोन्ही खोलून बघ की. वरून सारखं हाय म्हणून आतून असतंय का?"

मंगळ. १०
दोन्ही शेजारीशेजारी उघडले. घाई, म्हणून दोन्हींचे स्क्रू एकाच डबीच्या झाकणात. कनेक्टर हुबेहूब! पुढच्या मॉडेलच्या डिस्प्लेची केबलपट्टी तेवढी बोटभर लांब, फ्रेम जरा जाड. मामांच्या फोनला बसवला, टच चालला तेव्हा मी ओरडलेच. मामा खूश. "लई हुशार हाय पोरगी!" फोन शर्टाच्या खिशात टाकून दुपारच्या गाडीनं गेले. आज माझ्याएवढं शहाणं कुणी नाही.

बुध. ११
मेलेला फोन परत जोडायला घेतला. फ्रेम जाड, म्हणून खालच्या भोकात लांब स्क्रू लागतो. झाकणात सगळे आखूड. टेबल झाडलं, फरशी झाडली. लांबडा मामांच्या फोनमध्येच गेलाय. त्यांच्या त्या भोकाखाली बॅटरीची कड.
खाजाभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आज टोक दाबून राहिलं असंल. उद्या घुसलं की पेटतंय. फोन लाव."
लागत नाही. रेंज नाही.
मामांच्या मुलीच्या, अश्विनीच्या हॉस्टेलवर पळाले. अश्विनी म्हणाली, "घरात तेवढा एकच फोन हाय, ताई. पप्पा उशाशी चार्जिंगला लावून झोपतेत."
जेवण गेलं नाही. भीती वाटते. स्वतःची चीड येते.

गुरु. १२
पहिली एसटी धरली. नांदेड स्टँडवर इस्लापूरवरून जाणाऱ्या किनवट गाडीची वाट बघत असताना मामांचाच फोन. अश्विनीनं गावी निघालेल्या शेजाऱ्यांकडून निरोप धाडलेला, 'दुकानातल्या ताईला फोन करा' एवढाच पोचला.
"पोरी, डिस्प्ले झ्याक चालून राहिलाय. जरा गरम होतंय, पण—"
"मामा, बंद करा! अंगणात नेऊन ठेवा, घरापासून लांब!"
"आँ? ऐकू येईना. थांब, नीट कानाला लावतो."
आणि कट.
परत लावला तर परत कानालाच धरतील. बोट धजत नाही. किनवटची गाडी लागली, चढते.